पुस्तकातल्या काजवाल्या बाई

कादंबरी आवडली की नाही, हे काजवाल्या बाईंना काही केल्या ठरवता येईना. पहिल्या चाळीस पानांत त्यांनी पुस्तक तीनदा मिटून टेबलावर आपटलं आणि तिन्ही वेळा खूण घालायची विसरल्यामुळे पान शोधत बसल्या.

बाई शर्टांना काजं करायच्या. गेली बत्तीस वर्षं. शिंप्यांच्या दुकानातून शर्टांची बोचकी यायची, बाई खिडकीपाशी बसून कात्रीच्या टोकानं कापडाला नेमकी चीर द्यायच्या आणि चिरेभोवती टाक्याला टाका लावून घालत जायच्या. यंत्रं आली, तरी दोन-तीन जुने शिंपी अजून त्यांच्याकडेच काम पाठवत होते. यंत्राचं काज दहा धुण्यांत विसविशीत होतं आणि आपलं काज शर्ट फाटला तरी शाबूत राहतं, असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण गोष्ट खरी होती.

आणि कादंबरीत काय, तर तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक बाई खिडकीतून हात बाहेर काढून ढगांना बटणं लावते.

"बटणं," बाई रिकाम्या खोलीत म्हणाल्या. "बटण काय, कुणीही लावतं."

लिहिणारा त्यांच्याच इमारतीत राहून गेलेला. गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं होता. जिन्यात दिसेल त्याला बघून हसायचा, म्हणून तो कामधंद्याला नसावा असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि तेही खरंच होतं. त्याला गच्चीवाला म्हणायचे. तो खोली सोडून गेला, लोक त्याला विसरले, आणि दीड वर्षानं वाचनालयात हे पुस्तक आलं. इमारतीचं नाव त्यानं बदललं होतं, पण चार पायऱ्या चढताच कुणीही ओळखावी अशी ती यांचीच इमारत होती.

फक्त धुऊन, इस्त्री करून ठेवलेली. तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर पुस्तकात पोरांचे पडलेले दुधाचे दात एका डबीत जपून ठेवतो आणि संध्याकाळी ते दात डबीत किणकिणतात. खऱ्या डॉक्टरनं जिन्यातला दिवा आपल्या मीटरवर चालतो म्हणून काढून नेला होता, आणि त्या अंधारात पेपरवाला घसरून पडला तेव्हा दार उघडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं पुस्तकात इतकं गोड भांडतं, की पाखरं ऐकायला खिडकीत येऊन बसतात. खऱ्या जोडप्यातली बायको भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची. त्या बाह्यांच्या कफांना काजं बाईंनीच करून दिली होती. छान बारीक झाली होती. दुसरं काही त्यांनी विचारलं नव्हतं.

हे सगळं माहीत असून बाई वाचताना हसत होत्या. एकदा तर घास घशात अडकेपर्यंत हसल्या. पोराच्या हाताला गोडी होती, त्याला नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मग त्यांच्या नाकाची पाळी आली. 'चहाच्या किटलीच्या तोटीसारखं नाक' असं त्यानं लिहिलं होतं. बाई उठून आरशासमोर गेल्या, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. परत येऊन पुस्तक आपटलं. तो तिसरा आपटा.

पुढे त्यांनी आपटलं नाही, कारण पुढे शेजारीण आली.

बाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे फोनवाल्या बाई राहायच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्या, मुलगी दुसऱ्या गावात नर्स. दोघी एकट्या, दोघींची तोंडं तिखट, म्हणून जमलं. त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी सातला फोनवाल्या बाई लाकडी चमच्यानं भिंतीवर दोनदा ठोकायच्या. म्हणजे, मी उठले, बरी आहे. काजवाल्या बाई बोटातल्या अंगुस्तानानं, सुई टोचू नये म्हणून घालतात त्यानं, उलट दोनदा ठोकायच्या. म्हणजे, मीपण. उत्तर आलं नाही तर दुसरीनं किल्ली घेऊन जायचं. किल्ल्या त्यासाठीच एकमेकींकडे होत्या. सहा वर्षं हे चाललं.

पुस्तकात हा नेम जसाच्या तसा होता. गच्चीवाल्याला तो फोनवाल्या बाईंनीच सांगितला असणार. त्या त्याला खिडकीतून बिस्किटं द्यायच्या. आणि एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर म्हातारी शेजारीण मरत होती. दिवेलागणीला ती ठोकते. भिंतीपलीकडून उत्तर येतं. ती पुन्हा ठोकते, पुन्हा उत्तर येतं. बोलणं असं काही नाही, नुसती टकटक, पण त्यात दोघींचं अख्खं आयुष्य सांगून होतं. उजाडेपर्यंत काजवाली बाई एकदाही थांबत नाही. पहाटे पलीकडचा आवाज बंद होतो, तरी ती आणखी दोनदा ठोकते. म्हणजे, मीपण.

हे पान बाईंनी उभ्यानं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. मग पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना रडायचा सराव नव्हता, त्यामुळे उचकी लागली.

रडण्यासारखं होतंच. कारण यातलं काही घडलं नव्हतं.

गच्चीवाला गेल्यावर महिनाभरात कात्रीचं झालं. फोनवाल्या बाईंनी काजाची कात्री मागून नेली आणि तिनं कुंडीची तार कापली. पात्याला खाच पडली. खाच पडलेल्या कात्रीनं चीर दिली की कापडाचे धागे निघतात. ती कात्री म्हणजे बाईंचा उजवा हात. "मी नाही कापली, आधीचीच असेल खाच," फोनवाल्या बाई म्हणाल्या. तार कुंडीला चकचकत होती. बाईंनी कात्री घेतली, दार लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीला उत्तर देणं बंद केलं.

फोनवाल्या बाई अकरा दिवस सकाळी सातला ठोकत राहिल्या. बाई अंगुस्तान घालून बसायच्या आणि हात हलवायच्या नाहीत. बाराव्या दिवशी सातला काही वाजलं नाही. साडेनऊला सुरू झालं. दोनदा नाही, पाचदा, सातदा, मध्ये थांबून, पुन्हा. कसंही, वेडंवाकडं, भिंतीच्या खालच्या अंगाला. बाईंना काय वाटलं? आली वठणीवर. माफी मागायला तोंड नाही, म्हणून भिंत बडवतेय. त्यांनी चहा केला. नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची भिंतीजवळ ओढली. दुपारी चारपर्यंत टकटक चालली होती आणि इतका छान दिवस बाईंना कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं गप्प. बाईंनी मनाशी म्हटलं, रुसली. तिसऱ्या दिवशी दाराशी दुधाच्या दोन पिशव्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा किल्ली घेऊन गेल्या. नंतर ज्यानं विचारलं त्याला त्यांनी एकच सांगितलं, काही आवाज आला नाही. मुलीलाही तेच सांगितलं. मुलगी तेव्हा काही बोलण्याच्या अवस्थेतच नव्हती.

आणि आता हे पान. बाईंना माहीत होतं की ते खोटं आहे. आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही, हेही माहीत होतं. तरी रोज काम झालं की त्या पुस्तक काढायच्या आणि नेमकं तेच पान उघडायच्या. पुस्तकातल्या बाईचा हात भिंतीवर पडला की यांच्या बोटाला कळायचं. गच्चीवाल्याचा राग यायचा. कोण लागून गेला हा, मेलेल्या बाईच्या तोंडावर साखर पसरणारा? आणि लगेच वाटायचं, बरं झालं पसरली.

पुस्तक परत करायला गेल्या तेव्हा वाचनालयातली बाई म्हणाली, "काजवाल्या बाई, यातल्या तुम्हीच ना हो? सगळे विचारतायत. ते रात्रभर भिंतीवर ठोकणं, खरंच झालं तसं?"

मागे चार जण उभे होते. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "आता काय सांगायचं. शेजारधर्म असतो."

मग सांगतच सुटल्या. वाचनालयानं त्यांना शनिवारी बोलायला बोलावलं. बोलता बोलता त्यांनी पुस्तकात नसलेलंही घातलं, बोट सुजलं होतं, भिंतीचा गिलावा पडला होता. गावच्या पेपरात फोटोसकट आलं: 'उजाडेपर्यंत मी उत्तर देत होते.' फोटोत नाकसुद्धा बरं आलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची लांब बाह्यांची जिन्यात थांबून म्हणाली, "मला माहीतच नव्हतं तुम्ही अशा आहात." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकली.

आणि पेपर आल्यानंतर आठ दिवसांनी सुनेचा फोन आला.

इथे नीट सांगायला हवं. तीन वर्षं मुलाच्या घरून फोन नव्हता. सून ऑपरेशन होऊन अंथरुणावर होती, बाई मदतीला म्हणून गेल्या होत्या आणि आल्या-गेल्या पाहुण्यांना सांगत बसल्या, सोंग आहे नुसतं. टाके पिकले, पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. मुलानं आईची बॅग स्वतः भरली होती. नात तेव्हा चार वर्षांची. तिचा आवाज बाईंनी त्यानंतर ऐकला नव्हता.

"आई," सून फोनवर म्हणाली, "पुस्तक वाचलं मी. पेपरही वाचला. माझं मत चुकलं असेल कदाचित. सुट्टीत हिला घेऊन येते. आम्हाला करमलं तर पुढच्या सुट्टीत ती एकटी राहील तुमच्याकडे."

बाईंनी फोन ठेवला आणि खोली झाडायला घेतली. झाडून झालेली पुन्हा झाडली. गच्चीवाल्या पोराला त्यांनी त्या दिवशी नाक, बटणं, सगळं माफ केलं.

नात आली. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, प्रश्नांची पोतडी. आजीनं तिला काजाचा टाका शिकवला. पोरीचा हात चांगला होता. बाईंना इतका अभिमान वाटला की त्यांनी तिला चक्क शाबासकी दिली, जी त्यांनी आजवर कुणाला दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सून दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत होती. सकाळी तिनं आपणहून सासूसाठी चहा केला. तीन दिवस बाईंना आपण पुस्तकात राहायला गेलोय असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी फोनवाल्या बाईंची मुलगी आली.

पांढऱ्या केसांची एक बट, सपाट चपला, हातात कापडी पिशवी. शेजारची बंद खोली विकायची होती, गिऱ्हाईक बघून जाणार होतं. "मावशी, दोन मिनिटं येऊ का?" म्हणाली. बाई उठायच्या आत सून म्हणाली, "या ना. तुमच्याबद्दल पुस्तकात वाचलंय आम्ही." तिनं खुर्ची पुढे केली, चहा ठेवला. नात खाली चटईवर चिंधीला टाके घालत बसली होती.

मुलीनं पिशवीतून कादंबरी काढली. पानात पेपरचं कात्रण घडी करून ठेवलेलं होतं.

"हे मी रोज वाचायचे," ती म्हणाली. "एवढं एकच पान. ड्यूटीवरून आले की. आई एकटी नव्हती, कुणीतरी होतं, एवढं वाचलं की झोप यायची."

"हो गं बाई," काजवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि यात ढोंग नव्हतं.

"मग हे कात्रण एकानं पाठवलं. तोवर मला ते गोष्टीतलंच वाटत होतं. मावशी, हे असंच झालं?"

सुनेनं सासूकडे बघितलं. त्या बघण्यात कौतुक होतं. ते बाईंना तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

"असंच झालं," बाई म्हणाल्या.

"किती वाजता सुरू झालं?"

"दिवेलागणीला."

"आणि थांबलं?"

"उजाडताना."

मुलीनं मान डोलावली. नर्स पेशंटला विचारते तसंच ती विचारत होती, आवाज न चढवता. "म्हणजे बारा तास. मी हाडांच्या वॉर्डात आहे, मावशी. आईचा खुबा मोडला होता. अशा बायका महिन्याला आठ-दहा येतात आमच्याकडे. वेळेवर आणल्या तर काठी घेऊन चालत घरी जातात." तिनं कप बाजूला सरकवला. "तुमच्याकडे किल्ली होती ना?"

चहावर साय धरत होती.

"बारा तास ती ठोकत होती, तुम्ही ऐकत होतात, आणि किल्ली घेऊन गेला नाहीत. उलट ठोकत बसलात. मला एवढंच समजून घ्यायचंय, की का."

एकशे चौऱ्याऐंशीवं पान असं बाईंनी कधी वाचलं नव्हतं. गच्चीवाल्यानं असं लिहिलं नव्हतं, पण लिहिलं होतं ते हेच होतं. सून आता वेगळं बघत होती.

"अगं, ते पुस्तकातलं," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी आपलं लोक म्हणतात म्हणून हो म्हटलं. हौस म्हण. तसं काही झालं नाही. मी एकदासुद्धा उत्तर दिलं नाही."

"मग आवाज आलाच नव्हता? तेव्हा सांगितलंत तसं?"

"नव्हता आला."

"चमचा तिच्या हातातच होता," मुलगी म्हणाली. "आणि आईच्या घरात तुमच्या बाजूच्या भिंतीचा रंग उडालाय. जमिनीपासून हातभर उंचीवर, एवढा मोठा पट्टा. आत्ता पुन्हा बघून आले. ही भिंत विटेच्या एका थराची आहे, मावशी. पलीकडे सुई पडली तरी इकडे कळतं."

बाईंनी सुनेकडे बघितलं, नातीकडे बघितलं. अजून खोटं बोलता आलं असतं, पण ते कुठलं, हे त्यांना सुचेना. जे वर आलं ते तोंडातून गेलं.

"तिनं माझी कात्री खराब केली होती," त्या म्हणाल्या. "काजाची. तार कापली तिनं. आणि कबूल करत नव्हती. अकरा दिवस मी बोलत नव्हते. मला वाटलं, माफी मागतेय."

हे इतके महिने त्यांच्या मनात अगदी पटण्यासारखं होतं. बाहेर पडल्यावर ते खोलीच्या मधोमध तसंच पडून राहिलं आणि कुणी उचलेना.

"सकाळी सुरू झालं, चारला थांबलं," बाई पुढे म्हणाल्या, कारण आता थांबणं जास्त कठीण होतं. "मी इथंच होते. चहा पीत होते. मला काय माहीत, पडलीय म्हणून."

"माफी मागतेय असं वाटलं," मुलगी म्हणाली.

"हो. शपथ."

"मग माफ करायचंत."

ती उठली. किल्ली मागितली, बाईंनी खिळ्यावरची काढून दिली. तिनं कात्रण पिशवीत टाकलं. पुस्तक मात्र टेबलावर, बाईंच्या बाजूला सरकवलं.

"हे तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "यात तुम्ही चांगल्या आहात."

तिच्या सपाट चपलांचा आवाज जिन्यात खालपर्यंत ऐकू येत राहिला. सुनेनं न प्यायलेला कप उचलून मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला. मग आतल्या खोलीत जाऊन बॅग उघडली. बाई मागोमाग गेल्या. सून नातीचे फ्रॉक घडी करत होती. रडत नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. चिडली असती तर बाईंना काहीतरी बोलता आलं असतं. भांडण त्यांना यायचं.

"आपण रविवारी जाणार होतो ना?" नातीनं चटईवरून विचारलं.

"चपला घाल," सून म्हणाली.

"तुला जायचं तर जा," बाई म्हणाल्या. "पोरीला ठेव. चार दिवस. तिचा हात चांगला आहे, मी शिकवते तिला. तिनं माझं काय वाईट केलंय? मी तिला काही होऊ देईन का?"

सुनेनं बॅगेची चेन लावली. सासूकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली,

"तिला रात्री तहान लागते, आई. ती हाका मारते."